तो क्रॉस होता, दिगू

फोन आला तेव्हा सवयीने कागद पुढे ओढला. पलीकडे तुझ्या शाळेचा शिपाई होता. "साहेब, बातमी हाय," तो म्हणाला. आधी बातमी म्हणाला, मग तुझं नाव घेतलं. मी नाव लिहिलं. ठिकाण विचारलं, तेही लिहिलं: शाळेचं मैदान, जळगाव जामोद. वेळ विचारली, लिहिली. मग विचारलं, "वय?"

 तो म्हणाला, "तुमच्याच वर्गात होते ना सर, साहेब?"

तो कागद नऊ दिवस टेबलावर पडून आहे. 'वय' या शब्दापुढे एक आडवी रेघ आहे. त्या रेघेपुढे काही नाही.

मैदानावर पोचलो तोवर तुला दवाखान्यात नेलं होतं, आणि दवाखान्यातून जे कळायचं ते सगळ्यांना कळून झालं होतं. मैदानावर कुणी नव्हतं. चुन्याच्या फक्कीचा डबा आडवा पडला होता. तालुक्याच्या शालेय फुटबॉल सामन्यांसाठी तू सातपासून आखणी करत होतास, एकदम खाली बसलास, मग आडवा झालास, असं शिपायाने सांगितलं. मी डाव्या बाजूची रेघ पाहिली. कोपऱ्यातल्या झेंड्यापासून निघालेली, सरळ, कुठेही न फाकलेली. मध्यरेषेपर्यंत ती पोचली नव्हती. मी तिच्या कडेने पावलं टाकत गेलो. एकेचाळीस भरली. एकेचाळिसाव्या पावलाशी चुन्याचा ओंजळभर ढीग होता आणि पुढे नुसतं गवत.

पावलं का मोजली ते सांगता येणार नाही. दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं.

ती रेघ तूच मारणार, हे जिल्ह्यातल्या प्रत्येक संयोजकाला माहीत होतं. सामना अकोल्याला असो, अमडापूरला असो की धामणगाव बढ्याला, बाकीचं मैदान कुणीही आखावं, डाव्या बाजूची रेघ तुझी. तळाला खिळ्याने भोकं पाडलेला पत्र्याचा डबा, त्याला सुतळी, आणि तू उलटा चालत, पाय मागे टाकत, नजर मारून झालेल्या रेघेवर. धामणगावला एकाने विचारलं होतं, "काऊन बे, खेयाले आला का चुना माराले?" डबा न थांबवता तू म्हणालास, "थे रेघ माह्यावाली हाय. तुमच्यावाल्या तीन तिकडं हाय, त्या मारा."

मी एकदा कारण विचारलं. तू हाताची चार बोटं जोडून दाखवलीस. लेफ्ट आउटचा, म्हणजे डाव्या कडेने पळणाऱ्याचा, सगळा खेळ एवढ्या जागेत असतो, म्हणालास. रेघ चार बोटं आत आली की चेंडू बाहेर गेला. दुसऱ्याच्या हाताने मारलेल्या रेघेवर कसं पळायचं?

तू पळालास ती वर्षं आमच्या पेपरच्या क्रीडा पानावर फारशी दिसत नाहीत. तू पूर्ण व्यावसायिक नव्हतास आणि नुसता हौशीही नव्हतास. "अर्धाअर्धा," तू म्हणायचास. हिवाळ्यात स्पर्धा आणि हिवाळ्यातच कापसाचा हंगाम. सकाळी जिनिंगमध्ये गाठींवर शिक्के मारायचे, दुपारी नांदुऱ्याची एसटी धरायची आणि जिथून बोलावणं असेल तिथे उतरायचं. 'लेफ्टी पाहिजे' एवढा निरोप पुरे व्हायचा. ज्यांच्याशी कधी बोलला नाहीस अशा दहा जणांबरोबर तासाभरात खेळायचं, जेवायचं, मानधनाचं पाकीट खिशात घालायचं आणि शेवटच्या गाडीने परत. मैदानावर उतरायचास तेव्हा केसांत आणि भुवयांवर रुई असायची. खामगावच्या एका दांडगट बॅकने पहिल्याच मिनिटाला तुला ऐकवलं, "ए कापूस, फुंकर मारली तं उडशीन बे."  दहा मिनिटांनी त्याच्या बाजूने चेंडू घेऊन निघून जाताना तू मान वळवून म्हणालास, "फुंक ना."

गोल तू फार केले नाहीस. तुझ्या क्रॉसवर, म्हणजे कडेवरून तू आत टाकलेल्या चेंडूवर, किती झाले ते कुणी लिहून ठेवलं नाही, कारण पानावर गोल करणाऱ्याचं नाव जातं. गोल झाला की सगळे त्या खेळाडूकडे पळायचे आणि तू उलट दिशेने, रेघेच्या कडेने, सावकाश चालत मागे यायचास. पुढे गेलेल्या विंगरला तेवढंच अंतर परत यायचं असतं, त्यामुळे जल्लोषाला वेळ नाही, असं तुझं म्हणणं. मला ती नम्रता वाटायची. तू हसून म्हणालास, "नम्रता कायची बे, दम लागते."

तू गेलास त्या संध्याकाळी मी पंधरा ओळींची बातमी दिली. शेवटून तिसरी ओळ अशी होती: 'खामगावच्या शील्ड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी मारलेला अचूक फटका आजही क्रीडाप्रेमींच्या स्मरणात आहे.' टाइप केली, वाचली, पाठवली. ती ओळ खोटी आहे हे मला अठरा वर्षं माहीत आहे. त्या संध्याकाळी ते मनाला शिवलंही नाही. हात चालत होता, तो चालत राहिला.

तिसऱ्या दिवशी राख सावडून सगळे बाहेर आले. शकील चपला घालून फाटकाशी थांबला होता. शर्टाच्या खिशातून त्याने चार घड्या घातलेला पेपर काढला आणि उघडून माझ्यासमोर धरला. आवाज चढवला नाही.

"पेपरभाऊ," तो म्हणाला, "याच्यातबी थेच लिवलं तुम्ही."

हे वाचणाऱ्या सगळ्यांना मागचं ठाऊक नाही, म्हणून मागे जावं लागेल. तुला सगळं ठाऊक आहे. तुला किती ठाऊक होतं, ते मला मात्र तिसऱ्या दिवशी कळलं.

शकील तुमचा सेंटर फॉरवर्ड. आता कूलर बनवतो; फेब्रुवारी लागला की त्याच्या दुकानापुढचे पत्र्याचे सांगाडे रस्त्यावर येतात. अठरा वर्षांपूर्वी खामगावच्या त्या अंतिम सामन्यात तुम्ही दोघं जळगाव जामोदकडून खेळत होता आणि मी तालुका प्रतिनिधी म्हणून टेबलाशी बसलो होतो. पान लवकर लागायचं. बातमी समोरच्या सायबर कॅफेतून पाठवायची होती. दहा मिनिटं उरली तरी गोल नव्हता. बरोबरी होणार, पुढे पेनल्टी होतील, त्याचा निकाल फोनवर कळवता येईल, असा हिशेब करून मी वही बंद केली आणि निघालो. फाटक तुमच्या डाव्या कोपऱ्याच्या अगदी मागे होतं. मी मैदानाच्या कडेने त्या दिशेने चाललो होतो.

गलका उठला. मी वळलो. चेंडू जाळीत होता.

फाटकाशी चहाची गाडी होती. गाडीवाल्याला विचारलं, "कोणी मारला?" तो म्हणाला, "दिग्यानं. डायरेक. लांबून." एवढ्या माहितीवर मी कॅफेत जाऊन बातमी केली: 'सामना संपायला दहा मिनिटे असताना दिगंबर याने डाव्या बगलेतून पंचवीस यार्डांवरून गोलरक्षकाची जागा हेरून अचूक फटका मारला.' तो गोल मी पाहिला नव्हता. पंचवीस यार्ड मी ठरवले. हेरलंही मीच.

डेस्कने ती दोन कॉलमात लावली, तुझा फोटो टाकला, वर मथळा दिला. पुढच्या महिन्यात मला क्रीडा पान मिळालं. बातमीत शकीलचं नाव कुठेही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तू पेपर घेऊन एसटी स्टँडच्या कॅन्टीनमध्ये आलास. मला वाटलं आभार मानशील. तू आलुबोंड्यांची बशी मध्ये ओढलीस.

"ओ पेपर, हे पाह्य. हा आलुबोंडा म्हणजे गोलकीपर. हे मीठदाणी शकील. मी अथी, या कोपऱ्यात." तळलेली मिरची तुझा पाय होती. "शकील जवळच्या खांबाकडं पयाला. 'दे, दे' करत. मी त्याले क्रॉस टाकला. आता हा आलुबोंडा काय करन? शकीलकडं दोन पावलं सरकन. सरकला. बॉल दोघाइच्या डोक्यावरून गेला अन लांबच्या खांबाले लागून आत."

"म्हणजे गोल तूच केलास."

"क्रॉस होता बे थो. शॉट नाई."

"आत गेला म्हणजे गोल."

"आत गेला म्हणून गोल. पण थो काऊन गेला? शकील पयाला म्हणून गेला. त्याचं नाव टाक. आन हे 'हेरून' काय लिवलं तू? घाम डोयात गेला होता माह्या, मले गोलकीपर दिसतच नव्हता."

कॅन्टीनवाला तेवढ्यात बशी उचलायला आला. "खाता का फुटबॉल खेयता यायच्या संग?" तू गोलकीपर तोंडात टाकलास आणि वाद तिथे थांबला.

नंतर तो कितीदा झाला याची गणती नाही. त्याच टेबलावर, त्याच बशीवर. मी प्रत्येक वेळी शॉट म्हणायचो आणि तू क्रॉस. मी दिशा सांगायचो, चेंडूचा वेग सांगायचो, चेंडू वळला कसा ते सांगायचो. पाहणाऱ्या माणसासारखं बोलायचो. दुरुस्ती छापायची पद्धत नाही, असंही सांगायचो. ते खरं होतं. पुढाऱ्याचं नाव चुकलं किंवा जिवंत माणूस मेला असं छापलं गेलं तरच आमच्याकडे दुरुस्ती जायची. पण मी ती मागितलीच नव्हती, हे सांगत नव्हतो. मागितली असती तर डेस्कने पहिला प्रश्न विचारला असता: तुम्ही पाहिलं काय?

त्या कात्रणामुळे नागपूरच्या क्लबने तुला बोलावलं. जिनिंगमधून रजा घेऊन तू दोन हंगाम तिथे खेळलास. एकदा मी नागपुरात होतो म्हणून सामन्याला आलो. क्लबच्या सेक्रेटरीच्या फायलीत माझी बातमी होती. त्याने ती मला दाखवली आणि म्हणाला, "हाच ना तो फटकेवाला?" त्यांनी तुला रेघेवरून आत घेतलं होतं. मैदानाच्या मधल्या पट्ट्यात, चेंडू मिळाला की लांबून मारायचा. बाकावरून सारखा आवाज यायचा, "मार, मार." तू मारायचास. चेंडू गोलच्या आडव्या दांडीवरून जायचा. प्रेक्षक ओरडायचे. उत्तरार्धात एकदा तू सवयीने डाव्या रेघेकडे सरकलास, क्रॉस टाकायला मान वर केलीस, आणि आत कुणीच आलं नव्हतं. तू मारशील म्हणून सगळे थांबले होते.

परत आल्यावर तू चिडला नाहीस. एसटी स्टँडवरच भेटलास, पिशवी पायाशी ठेवलीस. "तुह्या फटक्यानं मले नागपूर दाखवलं," म्हणालास, "अन तुह्याच फटक्यानं घरी आणलं." आपण दोघंही हसलो. मी जास्त हसलो.

मग एकदम गंभीर झालास, ते मी विसरलेलो नाही. "मले एकच गोष्ट येत होती, पेपर. दुसऱ्याच्या पायावर, डोक्यावर बॉल ठेवता येत होता. जे येत होतं थे तू लिवलंच नाई. जे येत नव्हतं थे लिवलं."

त्यानंतर तू जिल्ह्यातच खेळलास. गुडघा गेला तेव्हा तासिका तत्त्वावर शाळेत क्रीडा शिक्षक झालास. तुझ्या घरात सुनंदा वहिनींनी ते कात्रण प्लास्टिकमध्ये घालून टीव्हीच्या वर लावलं. त्या घरात मी अनेकदा जेवलो. तुझी बसायची जागा ठरलेली होती, त्या कात्रणाकडे पाठ करून. मला वाटायचं, तुला पंख्याचा वारा तिथे लागतो.

तू गेलास त्याच्या आदल्या गुरुवारी आपण शेवटचं भेटलो. कॅन्टीन तेच. या वेळी तू बशी ओढली नाहीस.

"शकीलसंग त्याची पोरगी आली होती घरी," म्हणालास. "कॉलेजात हाय आता. तिनं थे कात्रण वाचलं. अन बापाले म्हणते, अब्बू, तुम्ही घरी सांगता त्या गोलमंधी तुम्ही होते म्हणून, अथी तं तुमचं नाव नाई. शकील हसला. मी म्हटलं, पोरी, पेपर चुकला. थे म्हणते, काका, पेपर कसा चुकन?"

मी चहा ढवळत होतो.

"एक विचारू?" तू म्हणालास. "थ्या टायमाले तू कुठी होता?"

अठरा वर्षांत हा प्रश्न तू पहिल्यांदा विचारलास. खरं उत्तर द्यायला एक शब्द पुरला असता.

"टेबलापाशी," मी म्हणालो.

तू माझ्याकडे पाहिलंस. बराच वेळ नाही. कप उचलण्याआधी माणूस पाहतो तेवढा. "बरं," म्हणालास. मग शालेय सामन्यांची तारीख सांगितलीस, मैदानाची आखणी कधी आहे ते सांगितलंस आणि फोटोग्राफर पाठवायला बजावलंस. स्टँडच्या फाटकातून बाहेर पडताना हात वर केलास. पुढच्या बुधवारी फोन आला.

आता पुन्हा तिसरा दिवस. शकीलने पेपर माझ्यासमोर धरला होता. मी म्हणालो, घाईत झालं. तो म्हणाला, "तवाबी घाईतच झालं होतं."

"तवा म्हणजे?"

"दिगूले माहीत होतं, पेपरभाऊ. पहिल्या दिवसापासून."

 तो बोलत गेला. कूलरच्या पत्र्याला भोकं पाडताना बोलतो तसा, एकेक ठोका देऊन.

"थो बॉल घेऊन कोपऱ्याकडं पयत होता. फाटक कोपऱ्याच्या मांगंच. तुम्ही फाटकाकडं चालले होते. तुमची पाठ त्याले समोर दिसत होती. थो तुमच्या पाठीकडंच पयत होता म्हणा ना. मले त्यानं संध्याकाईच सांगतलं, पेपर निंघून गेला, त्यानं पाह्यलाच नाई. दुसऱ्या दिवशी पेपरात पाह्यलं तं हे एवढं. 'हेरून.' लय हसला तो. मंग हसला नाई."

"मला कधी बोलला नाही."

"मी म्हटलं त्याले, जाऊन तोंडावर सांग. थो म्हणे, नाई. थो सोताहून सांगन. आपला माणूस हाय, सांगन एक दिवस." शकीलने पेपरच्या घड्या पुन्हा घातल्या. "मी मंग विचारणं सोडलं. त्यानं वाट पाहणं नाई सोडलं."

स्मशानातून माणसं परतत होती. कुणी तरी गाडी काढत होतं. मी तिथे किती वेळ उभा होतो ते सांगता येत नाही. एरवी मी वेळ सांगतो. अठरा वर्षं मी एका माणसाला त्याने पाहिलेल्या गोष्टीबद्दल खोटं ठरवत होतो, आणि मी पाहिलं नाही हे त्याने पाहिलं होतं. तरी तो दर वेळी बशी मध्ये ओढायचा, मीठदाणी ठेवायचा, मिरची ठेवायचा. मला तो वाद जिंकण्याचा प्रयत्न वाटत होता. तू मला गोल दाखवत होतास, दिगू. मी पाहिला नव्हता म्हणून.

आणि गुरुवारचा तो प्रश्न. मी आता त्याचं काय करू?

मी शकीलकडे माफी मागितली. तो म्हणाला, "माह्याजोळ काय मागता?" आणि चपलेतला खडा काढायला वाकला.

वहिनींच्या घरी गेलो. दिवाणावर बायका बसल्या होत्या. वहिनी आतून आल्या, हातात ते प्लास्टिकमधलं कात्रण होतं. त्यांनी ते पदराने पुसलं. "भाऊजी, तेरवीले फोटोच्या खाली हे लावते. लोक येतीन, पाहातीन. त्यायच्याबद्दल पेपरात एवढं मोठं हेच एक आलं."

मी म्हणालो, "वहिनी, थोडं थांबा."

"काऊन?"

"त्यात चूक आहे."

त्यांनी कात्रणाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "हेबी म्हणत होते चूक हाय म्हणून. मले वाटे, सोताचं कवतिक नको म्हणून म्हणतात." मग म्हणाल्या, "मंग बरोबर आणून द्या. तेरवीच्या आधी द्या."

मी ऑफिसात आलो आणि दुरुस्तीची मागणी केली. अठरा वर्षांनी. डेस्कवरचा उपसंपादक तरुण आहे, कामाला चोख. त्याने बातमीची तारीख पाहिली आणि मान हलवली. एवढ्या जुन्या बातमीची दुरुस्ती जात नाही. त्याने विचारलं, "सर, तुम्ही पाहिलं होतं ना पण?" मी म्हणालो, नाही.  थोड्या वेळाने तो माझ्या टेबलाशी आला, म्हणाला, स्मृतिलेख लिहा, जागा देतो, त्यात काय लिहायचं ते लिहा.

म्हणून हा लेख आहे. तुझा जन्म, शिक्षण, तुझ्या मागे कोण, यातलं काही इथे नाही. ते पंधरा ओळींत गेलं आहे आणि तेवढं तरी बरोबर आहे.

शालेय सामने पुढे ढकलले होते, ते काल झाले. परवा सकाळी मी मैदानावर गेलो. शकील दुकान बंद ठेवून आला होता. तुझा डबा त्याच्या हातात होता. मुख्याध्यापक म्हणाले, जुनी रेघ पुसून नवीन मारा, सगळी एकसारखी दिसेल. शकील म्हणाला, "तथूनच पुढं मारतो." एकेचाळिसाव्या पावलाशी बसून त्याने चुन्याचा ढीग हाताने सारखा केला, सुतळी धरली आणि उलटा चालू लागला. त्याला जमत नव्हतं. दोनदा मागे वळून पाहिलं, दोनदा रेघ फाकली. त्याची रेघ तुझ्यापेक्षा जाड आहे आणि जोड लांबून ओळखू येतो. त्या रेघेवर काल दोन सामने झाले. कुणी तक्रार केली नाही.

उपसंपादकाने एक अट घातली: दुरुस्ती दुरुस्तीसारखी लिहा, गोष्टीसारखी नको. ती अट मला मान्य आहे. तेरवीला चार दिवस आहेत. खालचा मजकूर कापून वहिनींना द्यायचा आहे, फोटोच्या खाली लावायला. एक प्रत शकीलच्या मुलीला.

खुलासा: खामगाव येथील शील्ड स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या अठरा वर्षांपूर्वीच्या वृत्तात, तसेच गेल्या आठवड्यातील निधनवृत्तात, जळगाव जामोद संघाचा निर्णायक गोल हा 'अचूक फटका' असल्याचे म्हटले होते. ते चुकीचे आहे. तो क्रॉस होता आणि तो सेंटर फॉरवर्ड शकील यांच्यासाठी होता. शकील जवळच्या खांबाकडे धावल्यामुळे गोलरक्षक त्यांच्या दिशेने सरकला आणि चेंडू दोघांच्या डोक्यावरून लांबच्या खांबाला लागून आत गेला. ही माहिती दिगंबर यांनी सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी दिली होती. वृत्त देणाऱ्या प्रतिनिधीने गोल पाहिला नव्हता. तो मैदानाकडे पाठ करून फाटकाकडे निघाला होता. गलका ऐकून तो वळला तेव्हा चेंडू जाळीत होता आणि दिगंबर डाव्या रेघेवर उभे राहून, हात पूर्ण लांब करून, बोटाने शकील यांच्याकडे दाखवत होते. त्या दिवशी प्रतिनिधीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ते एवढंच. वृत्तात नेमकं तेवढंच आलं नव्हतं.